उलटवलेला कोट

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. इस्पितळात सगळे तिला चौकशीबाई म्हणत. दाराशी काचेची खिडकी, काचेला गोल भोक, आणि भोकामागे ती. सत्तावीस वर्षं. हाडांचा विभाग कुठे, एक्स-रे कुठे, भेटीची वेळ काय, हे सांगता सांगता तिचा आवाज इतका सपाट झाला होता की घरी पाणी मागितलं तरी रस्ता सांगितल्यासारखं वाटे.

अंगावर इस्पितळाचा करडा गणवेश. माप नोकरीला लागली तेव्हाचं; नंतर कुणी घेतलं नाही. घरी परतल्यावर ताईचे कपडे. आई गेल्यापासून ती ताई-भाऊजींकडे मागच्या खोलीत राहायची, आणि ताईच्या अंगावरून उतरलं की ते हिच्या अंगावर चढे. ताई अंगाने दुप्पट. त्यामुळे खांदे नेहमी दंडावर ओघळलेले, बाह्या बोटांपर्यंत. दुकानात कधी गेल्याच दोघी, तर ताई म्हणायची, "तू गप गं, तुला काय कळतंय त्यातलं?" आणि खरंच, तिला काही कळत नव्हतं. कळायची वेळच आली नव्हती.

पन्नाशीला आल्यावर तिला कळायला लागलं, तेही काचेतून. खिडकीतून माणसं अर्धीच दिसत, कमरेच्या वर. एक दिवस एक म्हातारेबुवा आले. जुनाच स्वेटर, पण कोपरं फाटली होती तिथे त्यांनी लाल कापडाची ठिगळं लावली होती, लपवायची सोडून मिरवायला लावावीत तशी. ते गेले तरी चौकशीबाईच्या डोळ्यांपुढून ती ठिगळं जाईनात. मग तिला दिसायलाच लागलं. रुमालाची गाठ मानेच्या बाजूला बांधणारी मुलगी. सदऱ्याच्या पाच बटणांपैकी एकच हिरवं लावणारा ट्रकचालक. कुणाकडेच भारीतलं काही नव्हतं, पण प्रत्येकाने काहीतरी आपलं आपण ठरवलेलं होतं. भेटीच्या पासांच्या कोऱ्या बाजूवर ती पेन्सिलने गळे, कॉलर, गाठी काढू लागली. दारावरचा रखवालदार डोकावून म्हणायचा, "चौकशीबाई, आता तुमचीच चौकशी करायला हवी. काय चित्रं काढताय?" ती पास उलटे करून ठेवी.

आणि मग रोज चारला येणाऱ्या बाई सुरू झाल्या. वय हिच्याइतकंच, अंगाने काटकुळ्या. नवरा तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरच्या खाटेवर. पास घ्यायला त्या रोज खिडकीशी येत, आणि रोज अंगात काहीतरी असं असे की चौकशीबाई तीन वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसे. नवऱ्याचा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. पडद्याच्या कापडाचा गळपट्टा. एकदा तर गडद निळा कोट, अगदी अंगासरसा बसलेला, खिसे डावीकडचे उजवीकडे.

चौकशीबाईने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः प्रश्न विचारला. "कुठून घेतलात हो?"

"घेते कुठली! यांचा जुना कोट. वरून विटला होता, आतून कापड कोरं होतं. सगळा उसवला आणि उलटा करून शिवला." त्या हसल्या. "उसवायला धीर लागतो फक्त. शिवणं काय, कुणालाही जमतं."

त्या रविवारी चौकशीबाईने ताईकडून आलेला तपकिरी कोट काढला आणि ब्लेडने पहिली शिवण उसवली. आतून कापड मधासारखं निघालं. तिला इतका आनंद झाला की ती उगाचच खोलीत दोन फेऱ्या मारून आली. पुढचे सात रविवार ती जमिनीवर तुकडे मांडून बसली. खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या. अडलं की सोमवारी चारला त्या बाईंना विचारायचं. "कॉलर कशी पलटू?" त्या पासाच्या मागेच काढून दाखवत. मागे रांग कुरकुरायची.

रोज सकाळी घरी सोडायच्या रुग्णांची यादी खिडकीवर येई. चौकशीबाई आधी तिसरा मजला बघे, चौदा नंबर. नाव नसलं की तिचा जीव भांड्यात पडे. म्हणजे आज चारला त्या येणार. हे असं चाललं आहे आणि ते चांगलं नाही, हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. येई, पण ती तिकडे कानाडोळा करी. त्यांच्या बाह्या दिवसेंदिवस जास्त सैल होत होत्या, त्याही तिने टिपल्या, पण फक्त पासावर.

कोट एका सोमवारी पुरा झाला. मंगळवारी तो घालून ती कामावर गेली. गणवेशावर कोट चालत नसे, म्हणून तो पाठीमागच्या खुंटीवर लावला, भोकातून बरोबर दिसेल असा. चार वाजायची वाट बघायची होती.

त्या अकरालाच आल्या. अंगात कुणाचा तरी भडक पिवळा स्वेटर, शेजारणीचा असावा, बटणं एक घर चुकलेली. पाय चपलेत नीट गेलेले नव्हते, हे चालण्यावरून कळत होतं.

"यांचं सामान कुठे मिळेल?"

"कुठलं सामान?" विचारून गेल्यावर चौकशीबाईला समजलं.

"कपडे. चष्मा. वॉर्डातले म्हणाले, खाली चौकशी करा."

"तळघरात. जिन्याने खाली, डावीकडे दुसरं दार. अर्ज दोन प्रतींत भरा." तोच सपाट आवाज. दुसरा तिच्याकडे नव्हताच. "फार वाईट झालं," एवढं तरी म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण त्याच क्षणी तिला जाणवलं की आपण त्यांच्या डोळ्यांकडे बघतोय ते त्या वर बघतील म्हणून. खुंटीकडे. एकदा तरी बघावं म्हणून.

त्यांनी बघितलं नाही. "डावीकडे ना?" एवढं विचारून त्या वळल्या.

चौकशीबाईला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मागचा माणूस भोकातून एक्स-रेचा कागद आत सरकवत होता. तिने त्याला रस्ता सांगितला, मग पुढच्याला.

संध्याकाळी ताईने दारातच अडवलं. "हे काय सोंग? कोट उलटा घातलायस!"

"उलटवलाय," ती म्हणाली.

"बघा हो, आता ही आतलं बाहेर घालून हिंडणार!" भाऊजी हसले. एरवी त्यांच्या हसण्याने तिला लागलं असतं. त्या दिवशी तिने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मागच्या खोलीत जाऊन झोपली.

तो तिने पुन्हा घातला नाही. दोनदा हातात घेतला, पण बाहीत हात घालवेना. खाटेवरचा माणूस दोन महिने झिजत होता आणि आपण त्याच्या राहिलेल्या दिवसांत शिवणकाम उरकून घेतलं, हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं. रखवालदाराने एकदा विचारलं, "त्या चारच्या बाई दिसत नाहीत?" ती म्हणाली, "माहीत नाही."

महिन्याभराने ताईची मैत्रीण आली, तिने खुर्चीवरचा कोट उचलून उजेडात धरला. "अय्या, कसला सुरेख! कुणाचा?"

"माझाच," ताई म्हणाली. "जुना आहे तसा." मग खांदे पुन्हा ढिले करून घेतले आणि थंडीभर वापरला. एकदा तिने विचारलं, "तुला नकोय ना गं?" चौकशीबाई म्हणाली, "नको."

वर्ष उलटायच्या आत खिडकीच्या जागी बटणं दाबायचं यंत्र आलं. तिची बदली तळघरात झाली, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. तिथे दिवसभरात कुणी येत नाही. फायलींना दोरी बांधायची, नंबर लावायचा, फडताळात सरकवायच्या. पेन्सिल तिथेही आहे. एकदा मुख्य कारकून खाली आला, त्याच्या मफलरचं टोक कोटाच्या बटणात अडकवलेलं होतं, छान दिसत होतं. तिने मान खाली घालून फाईल पुढे केली आणि तो जाईपर्यंत वर बघितलं नाही.