वळसंगच्या बाईची सुट्टी

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की मला आमची पत्र्याची शेड आठवते. वयानं वाढलेल्या पण बुद्धीनं लहान राहिलेल्या माणसांसाठी आम्ही ती सुरू केली होती. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे यायचे आणि आमची दहा-अकरा माणसं दिवसभर घड्या घालत बसायची. त्यातली एक चाळिशीची बाई वळसंगहून म्हाताऱ्या आईबरोबर एसटीनं यायची. प्रत्येक टॉवेल आधी गालाला लावायची, मगच घडी घालायची. पुढं संस्थेला अनुदान मिळालं, शेडच्या जागी दुमजली इमारत उभी राहिली. पण प्रवेश फक्त अठराच्या आतल्यांना, अशी अट होती. आधी संस्था वाढू दे, मोठ्यांचं नंतर बघू, असं म्हणत मीच सही केली. इमारत उघडली त्या सकाळी दारातच मी तिच्या आईला ती अट समजावली. म्हातारी म्हणाली, "ही ल्हान हुती तवा तुमी न्हवता की. आता तुमी हाय, तर ही मोटी झाली व्हय?" लेक मात्र आत जायला माझी बाही ओढत होती. शेवटी आईनंच तिचा हात सोडवला. "चल बाई, आज सुट्टी हाय." ती लगेच हसली, सुट्टी तिला कळायची. परवा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला, पेढे वाटले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वळसंगला तिची सुट्टी अजून चालूच असेल.