ऐकवल्याशिवाय छापायचं नाही

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गावर होते. फोन त्यांच्या भाचीचा. "मावशीनं सकाळी चहा ठेवला गं, आणि बसल्या जागीच..." मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं ते नंतर, महाडला त्यांना स्मशानात नेलं तेव्हा. आणि राग आला तो त्याच्याही नंतर, शोकसभेत. शहरातून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, "कुमुदताईंचा व्यासंग मोठा होता, पण प्रसिद्ध झालेलं लेखन दुर्दैवाने फार थोडं." मी खुर्चीवरून उठलेच होते. भाचीने हात धरून खाली बसवलं. शोकसभेत भांडू नये हे मलाही कळतं. म्हणून इथे लिहिते आहे. लेखन थोडं का, ते मला माहीत आहे.

ताई महाडला मानसशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच अभ्यासमंडळ सुरू केलं. विषय एकच, माणसाचं मन बिघडतं त्यात भोवतालच्या समाजाचा हात किती. त्या खोलीत एक डॉक्टर यायचे, आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर, दोन शिक्षक आणि मी. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगते. ताईंना ते आवडायचं, पण त्यावरून सवलत नाही. "पहिली पदवीधर आहेस ना, मग वाक्य अर्धं का सोडलंस?" असं सगळ्यांदेखत विचारायच्या. तोंड भारी तिखट. एकदा पाहुणे म्हणून आलेले एक संशोधक म्हणाले, "या बायकांना माराची सवय झालेली असते." ताईंनी हातातला पाण्याचा स्टीलचा पेला त्यांच्या पायाशी आपटला. ते दचकून उभे राहिले. "पुन्हा आपटू? सवय होते का बघू या."

मंडळाचा नियम त्यांनीच घातलेला. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांना त्यांच्या वाडीत बसून, त्यांना समजेल असं वाचून दाखवायचं. त्यांनी ऐकल्याशिवाय एक ओळ छापायला द्यायची नाही. कुणी म्हणालं "खोटं हाय", तर पुन्हा बसायचं.

तळीयेची दरड कोसळली त्यानंतर आमच्या डोंगरावरच्या वाड्यांना पावसाळ्यात हलायच्या नोटिसा येऊ लागल्या. पोलादपूरच्या वरची एक वाडी जोराच्या पावसात खालच्या शाळेत येऊन राहायची, सगळी घरं एका हॉलमध्ये. मंडळाने ठरवलं, या लोकांच्या झोपेचा अभ्यास करायचा. घर सुटलेलं, डोंगराची धास्ती, म्हणजे झोप उडालेली असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पुरुषांनी सांगितलंही तसंच. पण बायका म्हणत, झोप लागते. घरापेक्षा बरी लागते. सिस्टर आणि मी चक्रावलो, पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी सुनंदा नावाची बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हितं हात उचलत नाय ना कुणी. सगली वाडी बगत असते. घोरतो तेवढंच. घोरण्यानं काय हाड मोडतं व्हय?" बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकेक बोलू लागली... कुणाला सरपणाच्या लाकडाने, कुणाला भिंतीवर डोकं आपटून, एकीला दिवस गेले असताना लाथेने. दरडीची भीती वर्षातून चार महिने. ही बारमाही.

लेख तयार झाला तेव्हा मी ताईंना म्हटलं, हा वाडीसमोर वाचू नका. मी त्या डोंगरातली आहे, मला पुरुषांचे चेहरे माहीत आहेत. ताई म्हणाल्या, "नावं काढली आहेत, रेखा. कोण बोललं ते कळायचा प्रश्नच नाही. आणि आज नियम मोडला तर उद्या त्यांच्या पाठीमागेच लिहीत बसू." दिवाळीनंतर, भर दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये वाचन झालं. पुरुष मागे बसले होते. सुरुवातीला एकाने "मॅडम, चाय नाय का?" म्हणून हशा पिकवला. 'शाळेत हात उचलत नाहीत' हे वाक्य आलं आणि हशा थांबला. एकजण जागेवरूनच ओरडला, "कोण बोलली गो ही?" बायका खाली बघत राहिल्या. ताईंनी शेवटपर्यंत वाचलं.

नाव असतं तर एकीला मार बसला असता. नाव नव्हतं, म्हणून प्रत्येक नवऱ्याला वाटलं ती आपलीच. त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त घरांत "तू बोललीस ना?" एवढा एकच प्रश्न होता, आणि उत्तर काहीही दिलं तरी मार होता. सुनंदाचा नवरा बबन. त्याने तिचा हात उंबऱ्यावर धरून वर पाय दिला. एका म्हातारीला मुलाने अंगणात ओढत आणलं, ती तर आमच्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

सकाळी सुनंदा हात ओढणीत बांधून सिस्टरकडे आली तेव्हा आम्हाला कळलं. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, या आता पडतात. पण पडल्या नाहीत. म्हणाल्या, "जीप बोलाव."

सुनंदाला घेऊनच वर पोचलो. ताईंनी मास्तरांकडून खालची शाळा उघडून घेतली आणि वाडीत घराघरापुढे जाऊन हाका मारल्या, "ज्यांना यायचंय त्यांनी या. मी शाळेच्या दारात बसते." आभाळ कोरडं ठणठणीत, आणि बायका पोरांना घेऊन, उशा काखेत मारून शाळेत येत होत्या. पाठोपाठ पुरुष आले. बबनच्या हातात बांबू. "बाहेर काढ तिला, मॅडम. आमच्या घरात घुसू नको." ताई उंबऱ्यावर बसलेल्या, उठल्या नाहीत. म्हणाल्या, "वाचलं मी. मारायचं तर मला मार." त्याने मारलं. बांबू कानाखाली बसला, काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि ताई आडव्या झाल्या. पांढऱ्या साडीच्या खांद्यावर रक्त उतरताना मी पाहिलं... आणि मग आतून बायका बाहेर आल्या. ज्यांना कधी मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं त्या. बांबू त्यांनीच हिसकावला. बबन पायरीवर पडला, त्याच्या पाठीवर तोच बांबू बसत होता, आणि सुनंदा धड असलेल्या हाताने त्याचे केस धरून होती. बाकीचे पुरुष मागे सरकत होते. ताईंनी लगेच थांबवलं असं मी लिहू शकते, पण ते खोटं होईल. त्या उठून बसल्या, बघत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पुरे. मरेल तो. पोलिसात जाऊ."

पोलादपूरच्या ठाण्यात बायकांनी आपापली नावं सांगून तक्रारी दिल्या. बबन आत जाऊन आला. ताईंचा उजवा कान गेला तो गेलाच. पुढे मंडळात कुणी उजवीकडून बोललं की म्हणायच्या, "त्या बाजूला दुकान बंद आहे, इकडून ये."

लेख मात्र बायकांनी पुन्हा वाचून घेतला. म्हणाल्या, एकच बदल करा. आमची नावं घाला, सगल्यांची. सुनंदा म्हणाली, "नाव नव्हतं म्हणून सगल्यांनी मार खाल्ला. आता नाव असू दे, बगू कोण हात लावतो." ताईंनी नावांसकट लेख पाठवला. नियतकालिकाचं उत्तर सभ्य होतं, माहिती देणाऱ्यांची ओळख उघड करणं शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही, नावं काढल्यास छापू. मंडळात दोन रविवार कडाक्याची भांडणं झाली. डॉक्टर म्हणाले, "काढा नावं, निष्कर्ष तरी लोकांपुढे जाईल." ताई म्हणाल्या, "नावं काढून काय होतं ते माझ्या कानाला विचारा." लेख छापला गेला नाही. पुढचे दोन लेखही याच अटीवर अडले. थोडं लेखन म्हणतात ते हे.

हा मजकूर पुरवणीला पाठवण्याआधी परवा मी त्याच शाळेच्या व्हरांड्यात बसून वाचून दाखवला. सुनंदा हे तिचं खरं नाव आहे, तिनेच घालायला सांगितलं. बबनलाही तिनेच बोलावून आणलं होतं. तो खांबाला टेकून, विडी न पेटवता, शेवटपर्यंत बसला. वाचून झाल्यावर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सगलं बराबर हाय. फक्त ते उंबऱ्याचं काढ. पाय नव्हता दिला मी. पडली व्हती ती."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिचा तो हात अजून कोपरात पुरता सरळ होत नाही.

"दिला व्हता," ती म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊ दे गो, रेखा."

राहू दिलं आहे.