मावशीकडे गेलेला काका

गावात त्याला उकळी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण याला तापायला वेळ लागत नसे आणि निवायला दिवस लागत, म्हणून हेच चिकटलं. तो रस्त्यात दिसला की दुकानदार एकमेकांना ओरडून सांगत, "उकळी आली, झाकण काढा!" ते ऐकून तो आणखी तापे.

हे गाव नदीनेच वाढवलं. डोंगरात तोडलेले ओंडके पाण्यावर सोडायचे आणि इथे काठाला लावायचे, या धंद्यावर निम्मी घरं उभी राहिली. उकळी आणि त्याचा धाकटा भाऊ नाव चालवायचे, अडकलेले ओंडके सोडवायचे. पुढे जंगल संपलं, पूल झाला आणि नाव छपरीत पालथी पडली. आता लोक धबधबे बघायला येतात. उकळीच्या मुलीने घराच्या पुढच्या खोलीत सहलींचं ऑफिस थाटलं आणि बाप जीप चालवू लागला. रोज नव्या माणसांवर खेकसायला मिळत असल्याने नोकरी त्याला मानवली होती.

त्या संध्याकाळी छापखान्यातून जाहिरातीचा गठ्ठा आला. उकळीने वरचा कागद उचलला.

'या मावशीच्या कुशीत! माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही. उद्यापासून डोहात मनसोक्त डुंबा.'

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. झकास जमलंय ना?"

"माणसं डोहात उतरवणार तू? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"ओरडू नका, बाबा. पहिले दोन धबधबे दाखवून तुम्ही दरवेळी जीप वळवता. म्हणे पुढे रस्ता खराब! मी साफ करून घेतला रस्ता."

"अगं, मावशी आहे ती!"

"मग? मावशीला काय घाबरायचं? आपला काका नाही का खुशाल मावशीकडे राहिला?"

नदीवरच्या माणसांची ही जुनी खोड. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घ्यायचं नाही. 'बुडाला' हा शब्द नावेत कुणी उच्चारत नसे, मग घरातही नाही. तिसऱ्या धबधब्याच्या डोहात उतरलेला माणूस वर येत नसे, म्हणून त्या डोहाला गोड नाव दिलं. 'मावशीकडे गेला' म्हटलं की जुन्यांना कळायचं आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. पोरीला कळायचं कसं, याचा विचार एकाही शहाण्याने केला नव्हता, उकळीनेही नाही.

"तुला काय वाटलं, तो कुठे आहे?"

"असेल कुठेतरी मावशीच्या गावी, मजेत. आजी दाराकडे डोळे लावून गेली, तरी आला नाही. कसला काका!"

उकळीने गठ्ठा भिंतीवर भिरकावला. राग मुलीचा नव्हता. 'मावशीकडे गेला' म्हणत राहिलेल्या त्याच्या आईचा होता, नावाड्यांचा होता, स्वतःच्या जिभेचा तर सगळ्यात जास्त होता.

"बुडाला तो!" तो ओरडला. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होता. "बुडाला, ऐकलंस? ओंडका सोडवायला उतरला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. त्याच्यापायी झुरून झुरून माझी माय मेली. आणि ही मावशी जगतेय!"

मुलीने डोळे पुसत फोन उचलला आणि उद्याच्या पाहुण्यांना सहल रद्द झाल्याचं सांगितलं. पलीकडून बहुधा रस्त्याबद्दल विचारलं असावं. "रस्ता चांगला आहे," ती म्हणाली. "तिथे माझा काका बुडालाय."

उकळी तरातरा छपरीत गेला. पालथ्या नावेची एक फळी त्याने उचकटली आणि रंगाचा डबा शोधला. पाटीवर त्याने मावशीचं नाव घातलं नाही. 'इथे माझा भाऊ बुडाला. पाण्यात उतरू नका,' एवढंच लिहिलं आणि खाली भावाचं पूर्ण नाव, आडनावासकट. ब्रश इतक्या जोरात दाबला होता की अक्षरं फुटली.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. पाटी तिने दोनदा वाचली.

"मी शिव्या घातल्या त्याला, बाबा," ती म्हणाली. "आजी गेली त्या दिवसापासून. रोज."