सन्मानाने हलवलेली हाडं

लंडनमधलं हॅरो सोडून आम्ही या गावात राहायला आलो. गाव म्हटलेलं इथे चालत नाही. कथीड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च आहे, म्हणून हे शहर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं लागतात, तीही वाटेत कुणी हवामानावर बोलायला थांबवलं तर.

रिटायर झाल्यावर वेळ जाईना, म्हणून मी कथीड्रलमध्ये व्हॉलंटियर गाईड झाले. शिकवायला एक निवृत्त हेडमास्तर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे रुळायला वेळ लागतो हं. मी चाळीस वर्षं राहतोय, तरी शेजारीण मला नवाच समजते." आणि हे ते अभिमानाने सांगत होते!

सहा महिने मी मान मोडून अभ्यास केला. एका मंगळवारी टूर सुरू करणार, तोच पुढे उभ्या असलेल्या बाईंनी गोड हसून विचारलं, "एखादा स्थानिक गाईड नाही का मिळणार?"

या देशात आयुष्य गेलं, तरी हा प्रश्न ऐकला की अजून कानशिलं तापतात.

"मिळेल की," मी म्हटलं. "पण हे बांधणारा बिशप नॉर्मंडीचा, दगड बोटीने फ्रान्सहून आलेला, आणि ज्या संतामुळे शहराचं नशीब उघडलं, त्याची हाडं इथल्या मठवाल्यांनी शेजारच्या गावातून चोरून आणली. स्थानिक म्हणाल तर भिंतींतली ओल तेवढी आहे."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. आठवड्याभरात तक्रार आली.

हेडमास्तरांनी मला चहाला बोलावलं. वाटलं, गेलं आपलं गाईडपद. पण त्यांची अडचण वेगळीच होती.

"बाकी सगळं खरंच आहे. फक्त 'चोरली' म्हणू नका. आम्ही 'सन्मानाने हलवली' असं म्हणतो."

"आमच्याकडचंही बरंच काही तुम्ही सन्मानानेच हलवलंत," मी म्हटलं.

ते चहात बिस्किट बुडवून तसेच बसून राहिले. अर्धं तुटून तळाशी गेलं. माफी मागायला मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या टूरला ते स्वतः मागे उभे राहिले. संताच्या थडग्यापाशी आल्यावर मी शहाण्यासारखं म्हटलं, "मग ही हाडं इथे सन्मानाने हलवण्यात आली."

ग्लासगोहून आलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे चोरलीच की!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हेडमास्तरांकडे बघितलं. ते छत न्याहाळत होते, पण त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते.