हलक्या टोप्यांचा शौकीन

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या या गृहस्थाला जुन्या फेल्टच्या टोप्यांचा नाद आहे. त्यातही जी सगळ्यांत हलकी, ती सगळ्यांत थोर. कंधारहून आणलेली साहेबी हॅट, उदगीरची गोंड्याची रुमी टोपी, सगळ्या काचेच्या कपाटात. घरी गेलात की एकेक टोपी तुमच्या तळहातावर ठेवून विचारणार, "वजन लागायलंय का काही? न्हाई ना?" तुम्ही नाही म्हणेपर्यंत सुटका नाही. स्वतः मात्र भर उन्हाळ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरतो, कारण घामानं टोपी जड होते. डोकं ही त्याच्या लेखी टोपीला लागणारी कीड आहे.

माझे वडील गेले तेव्हा तो भेटायला आला. बसला आईसमोर, पण नजर खुंटीवरच्या वडिलांच्या काळ्या टोपीवर. थोड्या वेळानं उठून त्यानं ती काढली आणि खिशातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवली.

"माल अस्सल हाय, वहिनी," तो म्हणाला. "पण डोक्याचं तेल लई मुरलंय. त्यानंच जड झाली."

आईनं टोपी काट्यावरून उचलून मांडीवर घेतली.

आमच्याकडं दुखवट्याच्या घरातून माणूस गुपचूप उठून जातो, 'येतो' म्हणत नाही. हा उंबऱ्यात थांबून म्हणाला, "येतो परत, टोपीसाठी."

तो गेल्यावर आईनं खोबरेलाची बाटली घेतली आणि टोपीच्या आतल्या पट्टीवरून तेलाचं बोट सावकाश फिरवलं.