पूर्णविराम आणि गाळलेल्या जागा

माझ्या भावोजींना अर्धंच वाक्य ऐकू येतं. कान ठणठणीत आहेत. दोन गल्ल्या पलीकडे पोकलेनचा पट्टा कुरकुरला तरी त्यांना घरबसल्या कळतं. पण माणूस बोलायला लागला की पहिल्या चार शब्दांत त्यांना सगळं समजतं आणि ते कामाला लागतात. उरलेलं वाक्य बिचारं हवेत लोंबकळत राहतं. म्हणून घरात त्यांचं नाव पूर्णविराम. हे नाव मी ठेवलं. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

त्यात आपली भाषा अशी की नकार शेवटी येतो. ‘मी येणार’ इथपर्यंत सगळं छान असतं, ‘नाही’ मागून येतं. जो शेवटपर्यंत थांबतच नाही त्याला जन्मात कुणी नाही म्हणू शकत नाही. भावोजी सदा खुशीत का असतात, याचं हेच कारण असावं.

त्यांचं लग्नसुद्धा असंच जमलं. त्या वर्षी नाल्याचं पाणी आमच्या खालच्या गल्लीत शिरलं होतं आणि आई, ताई आणि मी जेवणाच्या टेबलावर चढून बसलो होतो. भावोजी तेव्हा कुणाचेच भावोजी नव्हते, पोकलेन घेऊन पाण्यात शिरलेले एक ऑपरेटर होते. त्यांनी खिडकीपाशी बकेट आणली. बकेट म्हणजे पोकलेनच्या हाताला असतो तो लोखंडी दातांचा पंजा, आमचं कपाट आडवं मावेल एवढा. ताईच्या हातात चहाचा भरलेला कप होता. घर बुडत होतं, पण चहा ओतून द्यायला तिचं मन होईना. ती कपासकट बकेटमध्ये बसली, पाण्यावरून झुलत वरच्या रस्त्याला लागली आणि खाली उतरली तेव्हा बशीतसुद्धा थेंब नव्हता. तिनं तो चहा तिथंच उभ्याउभ्या संपवला.

त्यानंतर हा माणूस गाळ उपसायच्या निमित्तानं रोज आमच्या दारात. आमच्या दारातला गाळ संपला तरी यांचं उपसणं संपेना. शेवटी एकदा धीर करून त्यांनी ताईला विचारलं. ताई म्हणाली, “मी तुमच्याशी लग्न करीन...” आणि भावोजी आत आईकडे पळाले. ‘असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ हे उरलेलं वाक्य तिनं रिकाम्या दाराला ऐकवलं. तोवर आईनं होकार देऊन टाकला होता. ताई अजून म्हणते की माझं वाक्य पुरं व्हायचंय. म्हणते, आणि रोज सकाळी त्यांचा डबा भरताना गाणं गुणगुणते.

आता माझ्या गाळ्याबद्दल. खालच्या गल्लीच्या टोकाला, नाल्याला पाठ लावून माझं शिलाईचं दुकान आहे. दोन शिलाई मशीन, एक आरसा, एक पडदा आणि मी. लागोपाठ दोन वर्षं त्या गाळ्यात गाळ शिरला. हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकानं मला एकेकदा ऐकवलेला आहे, आता कुणी करू नये. मशीनच्या मोटारी गेल्या, कापडं कुजली, आणि आईनं सांगून टाकलं की यंदा पाणी आत आलं तर दुकान बंद करायचं आणि मावशीच्या गावी राहायला जायचं. आई बोलते ते करते. म्हणून पावसाआधी नाला साफ होणं हा माझ्यासाठी जिवाचा प्रश्न होता, आणि नाला साफ करणारे घरचेच होते. मी निर्धास्त होते.

मग कासवबाई आल्या.

नाल्याच्या मधोमध पाणकणसाची बेटं माजली होती. पाणकणीस म्हणजे ते उंच गवत, ज्याच्या टोकाला तपकिरी लोकरीची गुंडाळी असते. पाणी अडतं ते त्या बेटांपाशीच. आणि नेमक्या त्याच बेटांच्या मुळाशी, चिखलात, पिवळ्या हनुवटीची कासवं निघाली. तळहातापेक्षा थोडी मोठी. ही जात संपली म्हणून सगळे रडून मोकळे झाले होते, आणि ही मंडळी आमच्या नाल्यात, गल्लीच्या सांडपाण्याशेजारी, संसार थाटून बसलेली. त्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई गुडघाभर बूट घालून दिवसभर चिखलात वाकलेल्या असायच्या. त्यांनी बेटाबेटावर लाल झेंडे लावले. नाल्याच्या कामावरच्या साहेबांनीही मान डोलावली: झेंड्याच्या जागा वगळायच्या, बाकीचा गाळ काढायचा.

मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कासवाला पाठीवर घर असतं, माझं दुकान मी पाठीवर घेऊन कुठं जाऊ?

पण झालं भलतंच. भावोजींच्या टोळीत ‘गाळ काढणे’ एवढं लांबण कुणी लावत नाही. ते नुसतं ‘गाळणे’ म्हणतात. वरचा नाला गाळला, पुलाखालचं गाळायचं राहिलं, असं. बाईंना हे कुठून माहीत असणार? त्या शाळेत शिकलेलं मराठी बोलायच्या, त्यात गाळणे म्हणजे वगळणे. कामाच्या पहिल्या सकाळी त्यांनी फोन केला: “दादा, झेंड्याच्या जागा तेवढ्या गाळा...” भावोजींनी ‘बरं बाई’ म्हणून फोन खिशात घातला. ‘आणि बाकीचं बेलाशक काढा’ हे त्यांच्या खिशाला ऐकू गेलं असेल.

भावोजींनी इमानदारीत झेंडे शोधून शोधून गाळले. एक बेट साफ उडालं. दुसऱ्याला दात लावून बकेट वर घेतली, तर चिखलातून एक पिवळी हनुवटी बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघायला लागली. भावोजी सांगतात की त्या नजरेत ‘असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ हाच प्रश्न होता. त्यांनी मशीन बंद केली, बकेटमध्ये उतरले आणि चिखलात फतकल मारून रडले. हे मी सांगितलेलं त्यांना आवडत नाही, पण रडले.

साहेबांनी काम थांबवलं. भावोजींना मशीनवरून उतरवलं. बाईंनी चिखल चिवडून बाकीची कासवं शोधली. ती शेजारच्या बेटात सरकली होती, जीव कुणाचाच गेला नव्हता. बकेटमधल्या बयेच्या पाठीच्या कडेला मात्र लोखंडी दाताचा टवका उडाला होता. जखम भरेपर्यंत तिला सावलीत ठेवायचं ठरलं, म्हणून ती ताईच्या कपडे भिजवायच्या टबात आली. ताई तिला पाहुणी म्हणायची. पाहुणीमुळे घरातले कपडे धुवायचे राहिले. भावोजी सकाळ-संध्याकाळ टबाशेजारी उकिडवे बसून तिला समजावत असायचे, आणि तीच काय ती त्यांचं सगळं वाक्य ऐकून घ्यायची.

इकडे ढग जमायला लागले. नाला तसाच तुंबलेला. आईनं मावशीला फोन करून एक खोली रिकामी करायला सांगितली. रात्री मी मशीनवर हात ठेवून नुसतीच बसायचे आणि मला रडू यायचं.

अशात एक दिवस बाई माझ्याच दुकानात आल्या. पँट गुडघ्यावर फाटली होती. मी त्यांना पडद्याआड टॉवेल गुंडाळून बसवलं, पँट मशीनखाली घेतली, आणि तोंडात टाचण्या असतानाही मला बोलायचं होतं ते सगळं बोलले. कासवाचं कौतुक तुम्हाला, पाणी आमच्या घरात, वगैरे. टॉवेलमधल्या माणसाला पळून जाता येत नाही, हा आमच्या धंद्याचा एक फायदा.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पडद्याआडून म्हणाल्या, “बेटं आहेत तिथं ठेवली तर तुमच्याकडे पाणी येणार, हे मला दिसतंय. मलासुद्धा झोप नाही. बेटं मधून उचलून काठाला लावता आली तर दोघांचंही भागेल. पण मुळांसकट, चिखलासकट, न मोडता उचलायला हवीत. तसं मशीननं होत नाही.”

मी टाचण्या थुंकल्या आणि त्यांना ताईच्या चहाच्या कपाची गोष्ट सांगितली.

त्या तशाच उठल्या. मी म्हटलं, बाई, पँट.

साहेबांचा विश्वास बसेना, म्हणून नाल्याकाठी परीक्षा झाली. ताई पुन्हा बकेटमध्ये बसली. या वेळी तिनं दोन्ही हातांत एकेक कप धरला. गल्ली लोटली होती. भावोजींनी तिला नाल्याच्या या काठावरून त्या काठावर नेलं, आणि उगाच, काही कारण नसताना, परत आणलं. ताई खाली उतरली, एक कप साहेबांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः प्यायली. दोन्ही काठोकाठ होते. साहेबांनी मुकाट्यानं चहा प्यायला आणि मशीनची किल्ली भावोजींकडेच राहू दिली.

आता प्रश्न पूर्णविरामाचा. भावोजी हातानं सोनं आणि कानानं माती. मी बाईंना बजावलं की नकार आधी बोला. ‘खाली आणू नका’ नाही, ‘नको, खाली.’ बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की घरी भाजीवाल्यालासुद्धा ‘नको, आज भाजी’ म्हणायला लागल्या. ‘गाळा’ हा शब्द नाल्यावर कायमचा बंद. जो बोलेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्याऐवजी बाईंनी साधा, सोपा शब्द निवडला: सोडा.

पहिलं बेट निघालं ते बघण्यासारखं होतं. झोपलेलं पोर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवावं तसं भावोजींनी ते उचललं, कणसं डोलत होती, मुळांतून पाणी ठिबकत होतं. काठाला अलगद बसलं. दुसरं बेट हवेत असताना साहेब पुढं येऊन विचारायला लागले की त्या वळणावरच्या छोट्या बेटाचं काय करायचं. बाई म्हणाल्या, “सोडा ते...”

भावोजींनी सोडलं.

बेट रिकामं होतं, बाईंनी आधीच कासवं काढून घेतली होती, म्हणून बरं. साहेबांच्या डोक्यावर दोन कणसं उभी राहिली होती आणि चष्म्याच्या जागी नुसता चिखल होता. कुणी हसायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मग साहेबांनी कपाळावरचा चिखल निपटला आणि म्हणाले, “पुढचं बेट कुठं गाळायचंय?” शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळ्यात आधी तेच हसायला लागले. त्या दिवशी साऱ्या गल्लीनं साहेबांचा चहा प्यायला. पुढचं सगळं काम हाताच्या खुणांवर झालं.

शेवटचं बेट काठाला लागलं, पाहुणीला तिच्या घरच्या चिखलात सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी पाऊस कोसळला. मी दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिले, शेजारी आई सामानाची पिशवी घेऊन. नाला फुगत आला. लालसर पाणी मधल्या मोकळ्या वाटेनं धडाधड निघालं, काठाची कणसं आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. पाणी गल्लीत आलं. माझ्या पहिल्या पायरीवर चढलं, दुसरीला टेकलं. मी देवाला, कासवाला, भावोजींना, ज्याला जमेल त्याला हाक मारत होते. तिसऱ्या पायरीखाली ते कितीतरी वेळ रेंगाळलं आणि मग सावकाश मागं फिरलं. पिशवीतून माझी कात्री काढून आईनं मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवली.

एकच गोष्ट राहिली होती. साफसफाईतला गाळाचा एक ढीग माझ्या मागल्या दाराला लागून पडला होता. वास येत होता, माश्या येत होत्या, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून मापं द्यायचं. मी भावोजींच्या मागं धोशा लावला होता की हा ढीग हलवा. शेवटी एका सकाळी ते पोकलेन घेऊन आले. मी मागचं दार उघडलं.

ढिगाच्या उतारावर पाहुणी बसली होती. पाठीच्या कडेला टवका, म्हणजे तीच. मागच्या पायांनी ऊन लागलेला तो मऊ चिखल उकरत होती, आणि खड्ड्यात पांढरी, ओली अंडी पडत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. महिनोन्महिने मी जिला शिव्या घातल्या तिला अंडी घालायला जगात माझंच दार मिळालं होतं. मला इतका आनंद झाला की काय करावं ते समजेना. वरून बकेट खाली यायला लागली होती.

खुणा करायच्या हे मी साफ विसरले. हात वर करून मी ओरडले, “भावोजी, हा ढीग गाळायचा...”

आणि माझा आवाज बसला. पुढचा शब्द फुटेना. माझ्या डोळ्यांपुढं ते एक बेट आलं, साफ उडालेलं.

बकेट हवेतच थांबली. इंजिनची घरघर बंद झाली. एवढी शांतता पडली की चिखल उकरल्याचा आवाज ऐकू यायला लागला. भावोजींनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं, कानाशी हात नेला आणि म्हणाले, “हं. पुढं?”

मी डोळे पुसले, घसा खाकरला आणि वाक्य पुरं केलं.