ओल्या काँक्रीटमधलं पाऊल

थोरल्या जाऊबाईंच्या गल्लीत महापालिकेनं काँक्रीटचा रस्ता केला आणि माझा नुसता जळफळाट झाला. दोन्ही गल्ल्यांनी अर्ज एकाच दिवशी दिले होते. आमच्या खड्ड्यांत मात्र फक्त डेब्रिज टाकून गेले मेले! त्याच दुपारी, कोणी बघत नाही असं पाहून, मी त्यांच्या ओल्या काँक्रीटमध्ये चपलेसकट पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई रस्त्यावर गोणपाटं अंथरून पाणी मारत होत्या, रस्ता पक्का व्हावा म्हणून. मला बघताच त्यांनी कडेचं गोणपाट उचललं. आधी तो ठसा पाहिला, मग माझी चप्पल.

“तुमच्या गल्लीत काँक्रीट पडलं की सांग हां,” त्या म्हणाल्या, “मीपण येईन पाय उमटवायला.”

चार पावसाळे गेले. जाऊबाई अजून वाट बघतायत.